लिमातांबोला चंद्र उशिरा उगवतो

कुस्कोला जाऊन आलो म्हटलं की लोक लगेच डोंगरावरच्या त्या जगप्रसिद्ध शहराबद्दल विचारतात. तिथे आम्ही गेलो नाही, त्यामुळे त्याबद्दल मला विचारू नये. मी सांगणार आहे ते कुस्कोच्या आसपासच्या, फारसं कुणी न जाणाऱ्या चार जागांबद्दल. पण आधीच कबूल करतो, यांतली एकही जागा मी निवांतपणे पाहिली नाही. माझं निम्मं लक्ष सतत बायकोच्या चेहऱ्याकडे होतं.

आमची मुलगी प्राजक्ता पेरू देशात कुस्को शहरात असते. बटाट्याच्या जुन्या वाणांवर तिचं काम चालतं. तिकडे गेल्यापासून ती घरी आली नव्हती, म्हणून आम्हीच जायचं ठरवलं. माझी बायको सुरेखा उरणकडच्या गावची. तिच्या अंगात रक्त कमी आहे. पनवेलच्या आमच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "जा खुशाल. पाणी भरपूर प्यायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि त्रास झाला की ताबडतोब खाली उतरायचं." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी तिच्याकडून हे पुन्हा म्हणून घेतलं. "मी काय शाळेत हाय का?" असं म्हणत तिने ते म्हटलं.

कुस्को जवळजवळ चौतीसशे मीटरवर आहे. आपलं कळसूबाई दुसऱ्या कळसूबाईवर ठेवलं, तर वरच्या शिखरापेक्षाही हे शहर थोडं उंचच. तिथे लोक शाळेत जातात, फुटबॉल खेळतात, वरातीत नाचतात. मी मात्र प्राजक्ताच्या घराच्या एका मजल्याच्या पायऱ्या चढून गेलो आणि दारात उभा राहून तिला फक्त हात हलवून दाखवला. बोलायला श्वास उरला नव्हता.

रक्तातला प्राणवायू मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र मी बरोबर नेलं होतं. पनवेलला ते सुरेखाला सत्त्याण्णव दाखवायचं. इथे पहिल्या दिवशी एकोणनव्वद आलं.

"बाबा, इथे नव्याने आलेल्यांचं एवढंच असतं," प्राजक्ता म्हणाली. "सारखं लावत बसू नका."

"एकोणनव्वद म्हणजे काठावर पास," मी म्हणालो.

"पास ना? मग झालं," सुरेखा म्हणाली आणि तिने यंत्र बोटातून काढून माझ्या खिशात टाकलं.

तिपोन

दोन दिवस घरातच विश्रांती घेऊन आम्ही बाहेर पडलो. प्राजक्ताच्या ओळखीचे हिलारियो नावाचे गाडीवाले होते. साठीच्या आतबाहेरचे, डोक्यावर तपकिरी हॅट, बोलणं कमी. मी प्रत्येक ठिकाणी पोचलो की उंची विचारायचो, म्हणून दुपारपर्यंत त्यांनी माझं नाव 'दोन आल्तूरा' ठेवलं. 'दोन' हे तिकडे आदराने लावतात. म्हणजे झालं 'उंचीवाले साहेब'. सुरेखाला हे नाव इतकं आवडलं की पनवेलला परतल्यावरही ती ते अधूनमधून वापरते.

तिपोन हे इन्का लोकांनी डोंगरउतारावर बांधलेलं शेतीचं ठिकाण. भल्यामोठ्या दगडी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरून खालच्या पायरीवर दगडी पन्हळीतून पडणारं पाणी. ते शेकडो वर्षांपूर्वी वाहायला लागलं, आजही वाहतं आहे. एका ठिकाणी एका धारेच्या दोन आणि दोनाच्या चार धारा केल्या आहेत, आणि चारही सारख्या जाडीच्या. मी बराच वेळ त्या धारांकडे पाहत उभा राहिलो, कमीजास्त सापडते का म्हणून. सापडली नाही.

"मोटर नाय, टाकी नाय," सुरेखा म्हणाली. "आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना इथे आणून बसवा आठवडाभर."

खाली गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भट्टीत भाजलेल्या एका प्राण्याची हॉटेलं आहेत. उंदरासारखाच पण ससा होता होता राहिलेला हा प्राणी, 'कुय' म्हणजे गिनीपिग, तिकडे मोठ्या मानाचं जेवण. अख्खा, दातांसकट ताटात येतो. आम्ही मासे खाणारी माणसं, शाकाहाराचा आव आणायचं कारण नाही, पण त्या दातांपुढे आमचं धाडस संपलं. भाजलेलं मक्याचं कणीस आणि चीज विकत घेऊन आम्ही पुढे निघालो.

पिकियाक्ता

हे इन्कांच्याही आधीच्या हुआरी लोकांचं शहर. मातीच्या रंगात मिसळून गेलेल्या उंच भिंती, सरळ रेषेत आखलेले चौक, एकासारखा एक. पाहताक्षणी मला आमच्या नवीन पनवेलची आठवण झाली. तेच सेक्टर, तेच काटकोन, आणि पत्ता चुकला तर सगळ्या गल्ल्या सारख्याच. प्राजक्ता म्हणाली की इथे नक्की कोण राहायचं हे अजून ठरलेलं नाही. सुरेखा म्हणाली, "फ्लॅट बांधून ठेवले असतील, ताबा दिला नसेल."

जवळच एक तळं आहे. काठाला लव्हाळ्यांची बेटं, पाण्यात काळी पाणकोंबडी. तिथे बसून आम्ही कणीस आणि चीज खाल्लं. सुरेखाने पोटभर खाल्लं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्या संध्याकाळी प्राजक्ता स्वयंपाक करत असताना पनवेलहून सुरेखाच्या जावेचा, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा, फोन आला. दोघी बाल्कनीत पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. आत आल्यावर सुरेखा म्हणाली, "मला जेवायला नको. त्या कणसानं पोट भरलंय." उंचीवर भूक मरते हे मी वाचलं होतं. मी यंत्र लावलं. अठ्ठ्याऐंशी आलं. यंत्र परत खिशात टाकलं.

किलारुमियोक

सकाळी निघताना सुरेखा मला म्हणाली की तिने प्राजक्ताबरोबर नाश्ता केला. प्राजक्ताला म्हणाली, बाबांबरोबर केला. हे आम्हाला नंतर कळलं.

कुस्कोच्या पश्चिमेला आंता नावाचं सपाट गवताळ मैदान आहे. गायी, युकॅलिप्टसच्या रांगा, मातीच्या विटांची घरं, आणि घरांच्या कौलांवर शुभ म्हणून ठेवलेले मातीचे दोन बैल. मैदान संपल्यावर डोंगराच्या कुशीत किलारुमियोक लागतं. नावाचा अर्थ 'चंद्राचा दगड असलेली जागा'. एका प्रचंड शिळेत गुळगुळीत अर्धवर्तुळ कोरलेलं आहे आणि त्याच्या आत पायऱ्यांसारखे कंगोरे. बाजूला दगडी कुंडात पाणी पडतं. आमच्याशिवाय तिथे एक कुत्रं होतं, बाकी कुणी नाही.

सुरेखा त्या दगडापुढे उभी राहिली. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि वाकून नमस्कार केला. वर उठताना तिचा तोल गेला. हिलारियो जवळ होते, त्यांनी धरलं म्हणून दगडावर डोकं आपटलं नाही.

तिला बसवलं. ओठ जांभळट दिसत होते. हात गार. मी यंत्र लावलं तर एकोणऐंशी. मी तो आकडा मोठ्याने वाचला नाही, पण प्राजक्ताने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिला होता.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

प्राजक्ताने हिलारियोंना विचारलं. त्यांनी मान हलवली आणि हाताने पुढचा रस्ता दाखवला.

"ते म्हणतात, कुस्को काही खाली नाही. मागे जाऊन उपयोग नाही. पुढे लिमातांबो गाव आहे, पंचवीसशे मीटरवर. तिथे दवाखानाही आहे."

"मग चला."

"पण बाबा, मध्ये खिंड आहे. आधी वर चढायचं, मग उतार."

डॉक्टर म्हणाले होते, त्रास झाला की खाली उतरा. खाली उतरण्यासाठी आधी वर जावं लागलं तर काय करायचं, हे मी विचारलं नव्हतं. पनवेलमध्ये बसून असा प्रश्न सुचत नाही.

खिंडीपर्यंतचा रस्ता मला आठवतो तो फक्त सुरेखाच्या श्वासांवरून. बाहेर बर्फाचे डोंगर दिसत होते म्हणे. प्राजक्ताने फोटो काढले आहेत, ते मी घरी आल्यावर पाहिले. मी सुरेखाचं मनगट धरून बसलो होतो. हिलारियो वळणांवर हॉर्न वाजवत, हळू पण न थांबता चालवत होते.

खिंड ओलांडल्यावर मात्र रस्ता एकदम खाली झेपावतो. कानांत दडे बसले. निवडुंग आणि घायपात दिसू लागले, मग अव्होकाडोची झाडं, मग चक्क पपई. स्वेटर काढावा लागला. सुरेखाने डोळे उघडले. "गरम होतंय," ती म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटलं.

लिमातांबो

दवाखान्यात एक तरुण नर्स होती. तिने रक्तदाब पाहिला, छाती तपासली, नाकाला नळी लावून थोडा वेळ प्राणवायू दिला. मग तिने एक प्रश्न विचारला आणि प्राजक्ताने तो मला सांगितला. "आईने शेवटचं कधी खाल्लं?"

"सकाळी," मी म्हणालो. "तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर नाही. तुमच्याबरोबर."

आम्ही दोघांनी खाटेकडे पाहिलं. सुरेखा छताकडे बघत होती.

"काल," ती म्हणाली. "तळ्याच्या काठी."

प्राजक्ताने हे भाषांतर करून सांगितलंच नाही. नर्सला आमच्या चेहऱ्यांवरून समजलं असावं.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी कुस्कोला दिवेलागण होऊन गेली होती, तेव्हा पनवेलला दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली होती. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, "वहिनी, आज संकष्टी बरं का." सुरेखाची संकष्टी कडक असते. चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. प्राजक्ता दीड वर्षाची असताना तिला न्यूमोनिया झाला होता, तेव्हाचा हा नवस. घरी आज संकष्टी म्हणजे आज संकष्टी, असं म्हणून तिने त्याच क्षणी उपास धरला. सोडायचा मात्र इथला चंद्र पाहून. म्हणजे धरला पनवेलच्या सूर्यावर आणि सोडणार पेरूच्या चंद्रावर. एका दिवसाचा उपास दीड दिवसाचा झाला होता, तोही दोन कळसूबाईंच्या उंचीवर.

नर्सने दोन गोष्टी बजावल्या. बाईंनी खाल्लं पाहिजे, आणि आज खिंड ओलांडून परत वर जायचं नाही, रात्र इथेच काढायची.

हिलारियोंची मावशी, दोन्या रोसा ('दोन'चं बायकी रूप 'दोन्या'), गावात खाणावळ चालवते आणि वर दोन खोल्या भाड्याने देते. तिच्या अंगणात अव्होकाडोच्या झाडाखाली सुरेखाला बसवलं आणि आमची वादावादी सुरू झाली.

"आई, हा उपास माझ्यासाठी आहे ना? मग मीच सांगते, सोड."

"तुझ्यासाठी हाय. तुझ्या सांगण्यावरून नाय."

मी घड्याळ पाहिलं आणि माझा मुद्दा मांडला. "उपास तू पनवेलच्या वेळेने धरलास. पनवेलला चंद्रोदय मघाशीच होऊन गेला. जाऊबाई जेवून झोपल्यासुद्धा असतील. धरलास त्या वेळेने सोड. हिशेब चुकत नाही."

"मी चंद्र कुठं बघितला?"

"पावसाळ्यात पनवेलला तरी कुठे दिसतो? कॅलेंडरवरची वेळ बघूनच जेवतेस की नाही?"

यावर तिने मान डोलावली. मला वाटलं, पटलं. मग म्हणाली, "तिथं ढग असतात म्हणून. इथं आभाळ कसं धुतल्यासारखं हाय. दिसणारा चंद्र सोडून न दिसलेला धरू?"

 

तेवढ्यात दोन्या रोसाने ताटं आणली. एका टोपलीत उकडलेले बटाटे, जांभळे, पिवळे, काही बोटाएवढे लांब. वाटीत मीठ, चीज, हिरवी चटणी. ताटं ठेवून ती ॲप्रनला हात पुसत उभी राहिली. हिलारियोंनी हॅट काढून बाजूला ठेवली, पण ताटाला हात लावला नाही. प्राजक्ताही बसून राहिली. मीही.

"यांना जेवायला सांग," सुरेखा म्हणाली.

प्राजक्ताने सांगितलं. हिलारियो काहीतरी पुटपुटले.

"ते म्हणतात, मावशीच्या घरी पाहुणा आधी. पाहुण्याने घास घेतल्याशिवाय इथे कुणी सुरुवात करत नाही."

"अगं, पण मी चंद्रोदयाशिवाय जेवणार नाय. सांग ना त्यांना."

"सांगितलं. ते म्हणतात, ठीक आहे, आम्हीही थांबतो."

सुरेखाने हिलारियोंकडे नीट पाहिलं. सकाळपासून वळणावळणाच्या घाटात गाडी चालवलेला माणूस. डोळे तांबारलेले. "आणि नंतर हे जाणार कुठं?"

"त्यांना एकट्याला संध्याकाळी कुस्कोला परत जायचंय. उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक सोडून ते आपल्याला न्यायला येणार."

"उपाशी? त्या घाटातून?"

"तू उपाशी त्या घाटातून आलीस ना," प्राजक्ता म्हणाली.

"मी गाडी चालवत नव्हते!"

असं म्हणून तिने टोपलीतला एक पिवळा बटाटा उचलला. सोलू लागली तेव्हा दोन्या रोसाने तो तिच्या हातातून घेतला, नखांनी भराभर साल काढली आणि परत तिच्या तळहातावर ठेवला. सुरेखाने तो कपाळाला लावला.

"हा फराळ हाय," तिने आम्हाला बजावलं. "उपास मोडलेला नाय. बटाटा चालतो सगळ्यांना, मलाच चालत नव्हता. आज चालला."

"बटाटा इथलाच आहे, आई. तुमचा सगळा उपास इथून आलाय," प्राजक्ता म्हणाली.

"मग आधी सांगायचंस!"

हिलारियोंनी घास घेतला. मी किती बटाटे खाल्ले ते आठवत नाही. सुरेखाने तीन खाल्ले, मीठ न लावता.

दुपारी ती झोपली तेव्हा मी आणि प्राजक्ता गावाबाहेरच्या तारावासीला गेलो. इन्कांचं एक रुंद दगडी जोतं आहे, त्यावर नंतर कुणीतरी बांधलेला जमीनदाराचा वाडा. जोत्याच्या भिंतीत माणूस उभा राहील एवढे अठ्ठावीस कोनाडे. काही दगड असे बसवले आहेत की एका मधल्या दगडाभोवती पाकळ्या वाटाव्यात. कोनाडे चंद्राच्या फेऱ्याचे दिवस दाखवतात असं काही लोक म्हणतात, प्राजक्ता म्हणाली. मी दोनदा मोजले. मग डोंगरांकडे पाहिलं आणि नवी अडचण लक्षात आली.

लिमातांबो दरीत आहे. चंद्र उगवणार पूर्वेला, आणि पूर्वेला आम्ही उतरून आलो तो डोंगर भिंतीसारखा उभा. कुस्कोच्या माळावर चंद्र लवकर दिसला असता, पण तिथे हवा नाही. इथे हवा आहे, पण चंद्र डोंगर चढून येईल तेव्हा येईल.

"अजून तासभर तरी जास्त," मी म्हणालो.

"बाबा, आईने तीन बटाटे खाल्लेत. तुम्ही शांत व्हा."

संध्याकाळी हिलारियो निघून गेले. सुरेखा थोडा वेळ अंगणात बसली, मग खोलीत जाऊन आडवी झाली आणि तिला झोप लागली. कुस्कोला आल्यापासून तिला धड झोप नव्हती. दर थोड्या वेळाने दचकून श्वास घेत जागी व्हायची. आता तिचा श्वास सारखा चालला होता. दोन्या रोसाने भात शिजवून झाकून ठेवला होता, सोबत दूध आणि गूळ. तिकडे उसाच्या गुळाला चांकाका म्हणतात, चवीला आपल्या गुळाचा सख्खा भाऊ.

मी अंगणात खुर्ची टाकून डोंगराच्या कडेकडे बघत बसलो. मी आयुष्यात कधी संकष्टी केलेली नाही. आकाशात इतक्या चांदण्या होत्या की त्यांचीच भीती वाटत होती. डोंगरामागे उजेड पसरला, वाढला, आणि तसाच थांबला. चंद्र उगवला होता, पण आम्हाला दिसत नव्हता. ती वेळ मला दिवसभरातली सगळ्यात अवघड गेली. तिला उठवावं तर तिची पहिली शांत झोप मोडणार. न उठवावं तर सकाळी ती विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही. आणि अर्धपोटी झोपलेल्या माणसाचं रात्रीत काही बिनसलं तर? प्राजक्ता म्हणाली, झोपू द्या. मी म्हणालो, बघू.

मग कडेवर एक पांढरी ठिणगी दिसली आणि तिची हळूहळू कड झाली.

मी खोलीच्या दाराशी गेलो. हात कडीवर ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला.

"आला का?" आतून सुरेखाचा आवाज आला.

"आला," मी म्हणालो. "पण तू झोपली असशील तर राहू दे."

"झोपले होते. आता भूक लागली." ती उठली, माझ्या हाताला धरून बाहेर आली. अंगणात उभं राहून तिने तांब्यातलं पाणी चंद्राला दिलं, डोळे मिटून काहीतरी म्हटलं, प्राजक्ताच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खुर्चीत बसली. दोन्या रोसाने भाताचं ताट तिच्यासमोर ठेवलं, दूध ओतलं, गूळ फोडून टाकला.

सुरेखा सावकाश जेवली. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. ताट संपल्यावर तिने वर पाहिलं आणि ते दोन्या रोसापुढे केलं.

"आणखी भात हाय का, विचार गं," ती म्हणाली.